दहाच्या आत घरात

आइसलँडची राजधानी रेक्याविक, तिथला माझा पहिलाच हिवाळा. शेजारीण दारात येऊन म्हणाली, शुक्रवारी रात्री आमच्याबरोबर चक्कर मारायला येता का? बाहेर बर्फ, उणे चार. मला वाटलं थट्टा करतेय. पण ती होती पालकांची गस्त. चार-पाच आयाबाप चमकती जाकिटं घालून वस्तीत फिरतात. कुणाला ओरडत नाहीत, नुसते दिसतात. इथल्या कायद्याने 13 ते 16 वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर राहायचं नाही. शिवाय खेळाच्या, गाण्याच्या क्लाससाठी नगरपालिका प्रत्येक मुलामागे पैसे देते. 1998 मध्ये आइसलँडच्या दहावीच्या वयातल्या मुलांपैकी 42 टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली असायची. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं होतं.

हे सगळं मला नवीन वाटायला हवं होतं. पण मी लालबागच्या चाळीतला. गॅलरीतून जिन्यापर्यंत जाताना तीनदा "कुठे निघालास रे?" ऐकायला लागायचं. भयंकर राग यायचा. 82 च्या संपात बाबांची गिरणी सुटली, घरात धुसफूस, मीही वाया जायच्या बेतात होतो. तळमजल्यावरचे एक काका कबड्डीला न्यायचे. दांडी मारली की थेट दारात हजर!

यंदा सुट्टीत आलो तर धाकटी बहीण रडकुंडीला आलेली. भाचा नववीत, वर्गातल्या पंख्याची पाती वाकवून ठेवलेली, शाळेतून दोनदा बोलावणं. "दादा, तू तरी सांग त्याला." मी सांगितलं. त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. (माझंही भाषण कंटाळवाणंच होतं.) चाळीच्या जागी आता टॉवर आहे, घर चौदाव्या मजल्यावर. लिफ्ट काही विचारत नाही, कुठे निघालास म्हणून.

मंडळाची कबड्डी मात्र अजून चालू आहे. त्याला नेऊन सोडलं. सरांनी चौकशी न करता हातात फक्कीचं घमेलं दिलं: रेषा मार. आठवड्याभरात तिथेही मारामारी झाली. सरांनी घरी फोन केला नाही. दोन दिवस गुण लिहायला बसवलं.

काल बहिणीचा फोन. तापामुळे भाचा दोन दिवस खेळायला गेला नव्हता. संध्याकाळी बेल वाजली, दारात सर, घामाघूम. लिफ्ट बंद होती.