मशीन रिकामं, तारीख पुढची

“मशीन तर रिकामंच दिसतंय, मग तारीख तीन आठवड्यांनंतरची का गं?” रामबागेतल्या एक काकू परवा हळदीकुंकवात सगळ्यांसमोर म्हणाल्या. हे मला बऱ्याच जणी विचारतात. तर काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मशीन आहे, चालवायला बाई नाही.

इंदूरच्या ज्या सेंटरमध्ये मी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करते, तिथे एक्स-रेला तीन मुलगे आहेत. कामाला चोख. पण त्यांच्यासमोर पदर कोण काढणार? मी रजेवर गेले की मशीनवर कव्हर चढतं. दोघींना शिकवलं, एक सीटी स्कॅनवर गेली, तिथे पगार बरा, दुसरी लग्न होऊन बडोद्याला.

लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. एकेका बाईचे चार फोटो असतात, दोन्ही बाजूंचा एकेक वरून आणि एकेक तिरका. तिरक्यात छातीचा स्नायू पार स्तनाग्राच्या पातळीपर्यंत यायला हवा, नाहीतर काखेकडची गाठ सुटू शकते. दाबणं काही सेकंदांचंच, वेळ जातो तो त्याआधी. काखेतली पावडर पुसायची, कारण तिचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि तसे ठिपके कधी कधी कॅन्सरची खूण असतात. मंगळसूत्र काढणार नाही म्हणणाऱ्या आजींचं ते पाठीवर सारायचं. घाई केली तर फोटो परत, म्हणजे किरणंही परत.

पुढे फोटो वाचणाऱ्या डॉक्टर मॅडम. ब्रिटनच्या स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे त्रास नसतानाच्या तपासणीत, प्रत्येक फोटो दोघं वाचतात. आमच्या मॅडम एकट्या, आठवड्यातून दोनदा येतात. तरुण बायकांचा फोटो बरेचदा पांढराच येतो आणि गाठही पांढरीच, मग सोनोग्राफी. तीही मॅडमच करणार.

आमचे मालक म्हणतात, फोटो वाचायला एआय येतंय. येऊ दे की! स्वीडनमध्ये ८०,००० बायकांवरच्या चाचणीत वाचण्याचं काम ४४ टक्के कमी झालं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मॅडम सुटतील. भीतीनं आखडलेला खांदा मात्र मलाच सैल करावा लागणार.

स्तनात हाताला गाठ लागत असेल तर काउंटरवर तसं सांगा, आम्ही आधी घेतो. नुसती तपासणी असेल आणि पाळी चालू असेल, तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख मागा, दुखतं कमी.

आणि काकू, तुमची ती बारावी सायन्सवाली नात सध्या काय करते?