माशोच्या कीरीमधला चढा गंधार

मी फ्रान्समध्ये साउंड रेकॉर्डिंगचं काम करते, जास्त करून असिस्टंट म्हणून, म्हणजे माइक लावायचे, केबली ओढायच्या आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून टेक कापून जोडायचे. गिओम द माशोच्या 'मेस द नोत्र दाम'चं रेकॉर्डिंग मिळालं त्यातला कीरीचा, म्हणजे या चर्चसंगीताच्या पहिल्या भागाचा, दिवस सांगायचाय, कारण त्या दिवशी जे ऐकलं ते अजून डोक्यातनं जात नाहीये.

माशो जन्मला साधारण 1300 च्या आसपास आणि गेला 1377 मध्ये. कवी पण आणि संगीतकार पण, दोन्हीत त्याच्या काळातला फ्रान्समधला सगळ्यात मोठा माणूस. बोहेमियाचा राजा जॉन याच्याकडे चिटणीस होता, हा राजा आंधळा झालेला असूनही 1346 ला क्रेसीच्या लढाईत उतरला आणि तिथेच मारला गेला. नंतर 1349 ची प्लेगची साथ, तेव्हा आपण घराबाहेरच पडलो नाही असं माशोने स्वतःच एका कवितेत लिहिलंय. उरलेलं आयुष्य बरंचसं रँसमध्ये, तिथल्या कॅथेड्रलचा कॅनन, म्हणजे तिथला एक धर्माधिकारी म्हणून. आणि ही मेस म्हणजे चर्चमधल्या पूजेचे सहा भाग, चार आवाजांत बांधलेले, सगळे एकाच माणसाने. रचनाकाराचं नाव माहीत असलेली अशी याच्या आधीची पूर्ण मेस कुठेच सापडलेली नाही.

रेकॉर्डिंग शाँपाञमधल्या एका गावातल्या दगडी चर्चमध्ये होतं. चार गायक, वाद्य एकही नाही, आणि मी मागच्या छोट्या खोलीत हेडफोन लावून. सकाळचे टेक फार सुंदर झाले होते, स्वच्छ, गोड, एकही आवाज हललेला नाही. तरी डिरेक्टर मधेच थांबवत होते आणि दरवेळी तेच, इतकं गोड नको, तिसरा स्वर वर घ्या. गायकांना ते जड जात होतं कारण कॉयरमध्ये वाढलेला गळा तो स्वर आपोआप खाली घेतो, जिथे तो मूळ स्वरात विरघळतो तिथे.

हे मला लगेच कळलं कारण तो स्वर माझ्या ओळखीचा आहे. तंबोरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार येतो ना, तोच. कंपनांच्या पाचास चार या प्रमाणातला. पण माशोच्या काळातलं गणित वेगळं होतं, तिथे सगळं शुद्ध पंचमावर उभं, तीनास दोन, आणि पंचमावर पंचम चढवत गेलात की जो गंधार मिळतो तो एक्क्याऐंशीस चौसष्ट, म्हणजे आपल्या तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या हिश्श्याने चढा. नुसता एकटा ऐकलात तर टोचतो.

मग डिरेक्टरांनी शब्द बाजूला ठेवायला लावले. आधी फक्त दोन आवाज, पंचमात, पूर्ण स्थिर होईपर्यंत. त्यानंतर शेवटच्या वळणाचे स्वर. कीरी ज्या स्वरावर संपते त्याला सा धरा, तर त्याच्या अगदी आधी खालचा आवाज रे वर असतो, मधला तीव्र मध्यमावर, जो त्या रे पासून मोजला तर गंधारच, आणि वरचा शुद्ध निषादावर. तीव्र म आणि नी दोन्ही चढे घेतले, इतके चढे की हेडफोनमध्ये मला अक्षरशः ताण ऐकू येत होता, आणि तिथून रे खाली सा वर उतरला, म पंचमाला आणि नी तार षड्जाला जाऊन लागला. सा, प, सां. गंधार नाहीच! तंबोरा जुळल्यावर खोली भरते तसं ते चर्च भरलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

सकाळच्या टेकमध्ये सगळंच गोड होतं म्हणून कुठे पोचल्यासारखं वाटत नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. या संगीतात गंधार ही बसायची जागा नाहीच, तो पुढे ढकलणारा स्वर आहे, आणि त्याला गोड केलं की माशोची सगळी चालच बसून जाते.

जेवताना डिरेक्टरांनी माशोच्या एका पत्राबद्दल सांगितलं. 'व्हॉइर दी' नावाच्या त्याच्या मोठ्या काव्यात मध्ये मध्ये पत्रं आहेत, म्हातारा कवी आणि त्याची तरुण चाहती यांची. त्यात एक रचना पाठवताना तो तिला विनवतो, की ही जशी केलीय तशीच शिक, काही घालू नको, काही काढू नको. आणि हेही म्हणतो की स्वतः ऐकल्याशिवाय आपलं काही कुणाला द्यायची सवय आपल्याला नाही. मला हा माणूस तिथेच आवडून गेला. आपल्या सगळ्या रचना एका क्रमाने पोथ्यांत उतरवून घ्यायची काळजी त्याने घेतली म्हणून तर आज आपल्या हातात इतकं आहे.

दुपारी ग्लोरिया, म्हणजे मेसचा पुढचा भाग घेतला. त्यात शब्द भराभर जातात आणि 'जेझू क्रिस्ते'वर मात्र चारही आवाज एकदम लांब लांब स्वरांवर थांबतात. आता कुणाला काही सांगावंच लागलं नाही, चौघांचे कान लागले होते. एडिटिंगला बसले तेव्हा पिचच्या सॉफ्टवेअरने ते चढे स्वर एकूण एक चुकीचे म्हणून दाखवले. करेक्शन बंद केलं, डिरेक्टरांना फोन करून सांगितलं, आणि सकाळचे गोड टेक बाजूला ठेवून कीरी पूर्णपणे नंतरच्या टेकमधूनच जोडली.