भरती निघाली तेव्हा आम्ही कुलाब्यात होतो

अलिबागला जाण्याच्या आदल्या रात्री मोबाइलवर ‘अलिबाग भरती वेळ’ असं शोधलं, तर पहिल्या पानावर समुद्र कुठेच नव्हता. सगळ्या नोकरीच्या जाहिराती. पदसंख्या, वयोमर्यादा, अर्जाची शेवटची तारीख. मी वैतागून मोबाइल खाली ठेवणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या भाच्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मन लावून वाचायला लागला. गेली तीन वर्षं तो पोलीस भरतीची तयारी करतोय. मागच्या वेळी थोडक्या गुणांनी राहिला.

आम्ही मूळ अमरावतीकडचे, आता पुण्यात. आमच्या घरात ‘भरती’ दोनच ठिकाणी होते, पोलिसांत आणि दवाखान्यात. शाळेच्या निबंधात ‘उत्साहाला उधाण आले’ हे आम्हीही लिहायचो, मार्कही मिळायचे. पण उधाण डोळ्यांनी कुणी पाहिलं होतं? अडुसष्ट वर्षांच्या आत्याने तर समुद्रच पाहिला नव्हता. ती म्हणाली, संकष्टी आहे, पाण्यातल्या किल्ल्यात गणपती आहे म्हणतात, तिथं ने. म्हणून अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला ठरला.

पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ मार्गे साधारण चार तास लागतात. वडखळला सुटीच्या दिवशी किती वेळ जाईल हे ज्योतिषीही सांगणार नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी पोचा. मुंबईकरांना गेटवेहून मांडव्याची लाँच आहे (पावसाळ्यात बंद असते), आणि 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडव्याला येता येतं. मुख्य मुद्दा असा की किल्ल्यावर जायची वेळ तुम्ही ठरवत नाही. आधी पाण्याची वेळ बघायची आणि मग बाकीची सहल तिच्याभोवती बसवायची. आमच्या ओळखीचं एक कुटुंब दुपारी दोनला किनाऱ्यावर पोचलं, किल्ल्याकडे बघत भेळ खाल्ली आणि परत गेलं.

वेळ काढायची युक्ती आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांनी सांगितली. कोकणात ती जुनी आहे, आमच्यासाठी नवीन होती.

“उद्या तिथी कोणती?”

“चतुर्थी.”

“चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीन वाजता पूर्ण भरती. सहा तास मागे जा. नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी.”

तिथीची पाऊणपट, संपलं गणित. शुद्ध असो की वद्य, चालतं. अष्टमीला सहा येतात, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास आणि ओहोटी भर दुपारी बाराला. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि हे गणित पंचेचाळीस मिनिटं धरतं, त्यामुळे तिथी वाढत जाते तशी चूकही वाढते. पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं, पण समुद्र बाराच्या आसपास भरतो. तेव्हा पाऊणपट वापरायची ती कुठल्या दिवशी जावं हे ठरवायला. प्रत्यक्ष निघताना कोष्टक बघा. सर्व्हे ऑफ इंडिया वर्षभराची कोष्टकं आगाऊ छापतं, मोबाइलवरही मिळतात. मुंबईची वेळ अलिबागला जवळजवळ तशीच लागू पडते, काही मिनिटांचा फरक. वर्षभराच्या भरत्या आधीच जाहीर, तारीख-वेळेसकट, हे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता.

कोष्टकातल्या मीटरच्या आकड्याला फसू नका. ‘ओहोटी 0.8 मीटर’ म्हणजे तुमच्या वाटेवर 0.8 मीटर पाणी असा अर्थ नाही. तो आकडा समुद्राच्या एका ठरलेल्या खालच्या पातळीपासून मोजतात. आकडा जितका लहान तितकं पाणी लांब गेलेलं, एवढंच त्यातून घ्यायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप चढतं, पण उतरतंही खूप, आणि किल्ल्याची वाट कोरडी मिळते. अष्टमीच्या आसपास भांगाची. चढही कमी, उतारही कमी, त्यामुळे ऐन ओहोटीलाही गुडघाभर पाण्यातून जावं लागू शकतं. ‘अष्टमीला भांग असते’ हे काकांचं वाक्य ऐकून आत्याने माझ्याकडे असं बघितलं की विषय बदलावा लागला.

सकाळी सव्वाआठला आम्ही वाळूत उतरलो. अलिबागची वाळू काळपट आणि ओली असताना घट्ट. भाचा म्हणाला, मामा, मैदानापेक्षा हे बरं, गुडघ्याला मार बसत नाही. सोळाशे मीटरचा सराव त्याच्या डोक्यातून जातच नाही. समोर किल्ला कोरड्यात उभा होता, जणू कुणी खालची चादर ओढून घेतलीय. वाटेत घोट्याएवढी डबकी, खेकड्यांची लगबग, किल्ल्याजवळ खडक. त्या खडकांना कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. अनवाणी जाऊ नका. साधी चप्पल ओल्या रेतीत सुटते, मागे पट्टा असलेली सँडल घाला. वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे, आम्हाला आत्यामुळे पस्तीस लागली. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या आहेत, त्या उथळ पाण्यातूनही जातात. येण्या-जाण्याचे पैसे आधीच ठरवा, आणि परत न्यायला किती वाजता येणार हेही विचारा. हा दुसरा प्रश्न आम्ही विचारला नाही, कारण आम्ही चालणारे शूर होतो.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे मिळतं. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतला, त्याच वर्षी ते गेले, काम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. मग आंग्र्यांचं ठाणं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले तरी कुलाबा पडला नाही. मला जास्त आवडली ती तटाची बांधणी. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट येऊन आपटते तेव्हा पाणी फटींत शिरतं आणि तिथेच त्याचा जोर जिरतो. भरतीशी रोज दोनदा भांडायचं नाही, तिला थोडं आत येऊ द्यायचं, असं ते बांधकाम. आत सिद्धिविनायकाचं देऊळ, समोर पुष्करणी आणि चहूकडे खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर. आत्याने तिथे हात जोडले ते गणपतीला की विहिरीला, मला नक्की सांगता येणार नाही. दुष्काळी गावातून आलेल्या माणसाला समुद्रातली गोडी विहीर हा मोठा चमत्कार वाटतो. उत्तरेला सर्जेकोट नावाचा धाकटा किल्ला आहे. पण तो आधी बघा, शेवटी नको, कारण वेळ तिथेच जातो.

आमचाही तिथेच गेला. बरोबर साडेदहाला निघायचं असं ठरलं होतं. मग भाच्याला चाकांच्या गाड्यावरच्या विलायती तोफांपाशी फोटो हवे झाले, मला बुरुजावरून खुला समुद्र बघायचा होता. आम्ही दोघं पश्चिमेकडे तोंड करून उभे, भरती येणार ती तिकडून, असं मनात पक्कं. तिकडे तर सगळं शांत होतं. आत्या मात्र किनाऱ्याच्या बाजूला तोंड करून बसली होती. पाय दुखत होते, म्हणून.

“अरे, पाणी मांगून येऊन राह्यलं ना!”

आम्ही वळलो. सकाळी चालत आलो त्या वाटेवर, किल्ला आणि गाव यांच्या मधोमध, एक चकाकती पट्टी आली होती. उत्तरेकडून एक जीभ, दक्षिणेकडून एक जीभ, आणि आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही जुळत होत्या. लाट नाही, फेस नाही, आवाज नाही. “आमच्या नाल्याले पूर येते तर गाव उठवून येते,” आत्या म्हणाली, “हे तं चोरावानी आलं.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही तट उतरलो. ओहोटी सव्वानऊची, म्हणजे दोन तास होत आलेले, आणि वाईट वेळ नेमकी तिथूनच सुरू होते. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास माणसाला गाफील ठेवतो. वाटतं, काही होत नाहीये, बसू अजून थोडं. त्या दिवशी ओहोटी आणि भरतीत सव्वातीन मीटरच्या आसपास फरक होता. म्हणजे तिसऱ्या एका तासात पाऊण मीटरहून जास्त पाणी. तासाच्या सुरुवातीला पोटरीपर्यंत असेल तर शेवटी कमरेच्या वर. अडुसष्टच्या बाईला वाळूतून तीस-पस्तीस मिनिटं लागत असतील तर पुढचा हिशोब तुम्हीच करा.

मध्यावर आलो तोवर गुडघ्याला पाणी. ओढ फार नव्हती, पण पायाखालची वाळू सरकत होती आणि आत्याचं लुगडं भिजून जड झालं होतं. भाच्याने तिचा एक दंड धरला, मी दुसरा. तो म्हणाला, “आजी, पाठीवर बस.” ती म्हणाली, “मले काय पोतं समजलास?” तेवढ्यात किल्ल्याकडून एक घोडागाडी रिकामी परत येताना दिसली. गाडीवाल्याने न विचारता गाडी वळवली, आत्याला वर घेतलं, आम्हाला मागची फळी धरायला सांगितली आणि किनारा येईपर्यंत बोलणी ऐकवली. “सुकतीला जायचं, भरतीच्या आत यायचं. पाणी भरायला लागल्यावर फोटू काय काढता?” पैसे मात्र नेहमीचेच घेतले, अडल्या माणसाचा भाव लावला नाही. अलिबागहून आलेल्याला भोळा समजतात ती म्हण आता उलट फिरवावी लागेल.

तर तुमच्यासाठी: पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी किनारा सोडा, म्हणजे पाणी उतरत असताना जाल. किल्ल्यात दीड तास पुरतो. ओहोटीनंतर तासाभरात वाळूवर परतीला लागा, ज्येष्ठ किंवा लहान मुलं बरोबर असतील तर ऐन ओहोटीलाच. मोबाइलचा गजर जायच्या वेळेला नाही, निघायच्या वेळेला लावा. एक माणूस कायम गावाकडे तोंड करून ठेवा (आमच्यासारखा योगायोगाने नाही, ठरवून). उशीर झालाच तर धावत पाण्यात उतरू नका. किल्ला बुडत नाही, आत पाणी आहे, आणि चांगल्या हवेत भरतीच्या वेळी होड्या चालतात, विचारपूस करा. नाहीतर सरळ पुढच्या ओहोटीची वाट बघा. पावसाळ्यात चालत जायचा विचारच नको. तेव्हा कोष्टकातल्या भरतीवर लाटा आणि वारा वरून चढतात आणि पाऊणपटीचं गणित कागदावर राहतं. दक्षिणेला हरिहरेश्वरला जाणार असाल तर हीच गोष्ट दुप्पट कडक. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून समुद्राच्या कडेने जातो, ओहोटीलाच करायचा असतो, आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. फलक लावलेत ते वाचा.

दुपारी तीनला आम्ही किनाऱ्यावर परत येऊन बसलो, मुद्दाम. सकाळी जिथे भाचा वाळू घट्ट आहे म्हणून उड्या मारत होता तिथे होडी चालली होती. किल्ला पुरता बेट झालेला. आत्या साबुदाण्याची खिचडी खात बराच वेळ बघत राहिली. मी तिला सांगत होतो की भरती, भराव, भरताड, सगळं एका ‘भरणे’तून आलंय, मजकूर कमी पडला की घालतात त्यालाही आम्ही भरतीचं म्हणतो. तिने विचारलं, “अन् दवाखान्यातली?” मी म्हटलं, तीही. “मंग ओहोटीले काय म्हणते दवाखान्यात?” डिस्चार्ज, असं भाच्याने सांगितलं.

रात्री चंद्रोदय नऊच्या पुढे होता. अलिबागचा किनारा पश्चिमेचा, त्यामुळे चंद्र मागून, गावाच्या नारळींवरून वर आला. आत्याने समुद्राकडे पाठ करून नमस्कार केला, नैवेद्य दाखवला, मग वळली आणि थबकली. पाणी पुन्हा लांब गेलेलं. चांदण्यात सकाळचीच वाट ओली चमकत होती. हे दर संकष्टीला असंच जुळतं, चंद्र क्षितिजाशी आला की इथे ओहोटीच्या आसपासची वेळ असते. भाचा बूट काढून त्या ओल्या वाळूवर त्याचे सोळाशे मीटर धावायला लागला होता.

“दूर नोको जाऊ रे,” आत्या ओरडली, “मांगून येते ते!”

“आत्या, भरती आता थेट पहाटे साडेतीनला,” मी म्हणालो.

“लेखी घ्या, मामा!” अंधारातून आवाज आला. “तारीख बदलतात!”