गिलकीचं काय करायचं

पुण्याच्या जाऊबाई तिला घोसाळं म्हणतात, आम्ही इंदौरवाले गिलकी म्हणतो, नाव काहीही घ्या पण ऑगस्ट लागला की ती थांबत नाही. हातोदच्या पुढे आमचे पाच बिघे आहेत, बटाईने म्हणजे वाट्याने दिलेत, पावसाळ्यात सोयाबीन आणि नंतर आलू-लसूण, आणि विहिरीजवळच्या कुंपणावर कुणी कधी सोडले देव जाणे असे गिलकीचे चार वेल. बटाईदार दर रविवारी मोटरसायकलला कट्टा म्हणजे पोतं बांधून आणतो. सात-आठ किलो गिलकी, दोन लौक्या म्हणजे दुधी, मिरच्या, लिंबं. चोइथराम मंडीत एवढंसं कोण नेणार, भाडं आणि हम्माली सुद्धा निघत नाही.

मग वाटावाटी. सुदामा नगरच्या आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी, त्यामुळे पहिले दोन रविवार सगळ्या वहिनी-काकू प्रेमाने घेतात, तिसऱ्या रविवारी "अहो कालच आणली हो" सुरू होतं, आणि चौथ्याला मी थैली घेऊन दिसले की समोरच्या काकू गच्चीवरचे कपडे काढायला जातात. वर आपल्यात डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही, त्यामुळे मी दिलेली लौकी हलवा होऊन माझ्याकडेच परत येते आणि ह्यांची शुगर वाढते ती वेगळीच.

उरलेलं ओल्या कचऱ्यात. आता इंदौरात ओला कचरा टाकायला सुद्धा वाईट वाटत नाही, कारण तो देवगुराड्याच्या प्लांटमध्ये जातो, 2022 मध्ये सुरू झालाय, रोजच्या 550 टन कचऱ्याची गॅस करायची त्याची ताकद आहे आणि त्या गॅसवर शहरातल्या बसेस चालतात. ह्यांचा जोक ठरलेला, आपली गिलकी बस चालवते. मी पण हसायची. पण 2024 च्या पावसाळ्यात एकदा कचरा गाडीत गिलकी उलटी करताना पाहिलं, आमच्यापासून पाचव्या प्लॉटवर जे बांधकाम चाललंय तिथल्या चौकीदाराची बायको उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. काही बोलली नाही, नुसती बघत होती.

अलीराजपूरकडची माणसं, आमच्या मध्य प्रदेशातल्या आदिवासी पट्ट्यातली. नवरा-बायको, दोन पोरं, विटा रचून वर पत्रा टाकलेली खोली. पाऊस लागून राहिला की स्लॅबचं काम बंद, म्हणजे तिची मजुरी बंद, चौकीदारीचे जे काय मिळतील तेवढेच. राशन कार्ड आहे, पण ते गावी सासू-सासऱ्यांजवळ. मला वाटायचं आता कार्ड कुठेही चालतं मग घेत का नाहीत, तर ती म्हणाली इथे उचललं तर तिथे म्हातारे काय खाणार. माणशी महिन्याला 5 किलो, 2023 पासून फुकट आहे ही चांगलीच गोष्ट, पण मिळतं ते धान्य. भाजी काही कार्डावर मिळत नाही.

हे सगळं मला नंतर कळलं हं. आधी मला एवढंच कळलं की ह्यांना द्यावं, आणि द्यावं कसं ते काही कळेना. हातात थैली घेऊन जायचं आणि म्हणायचं काय, "घ्या, आमच्याकडे उरलीय"? तर मी शहाणपणा केला, शनिवारी संध्याकाळी त्यांच्या रेतीच्या ढिगाजवळ गुपचूप थैली ठेवून आले. गिलकी संपली होती म्हणून त्यात लिंबं आणि हिरव्या मिरच्या. मंगळवारी बघते तर थैली तशीच, पावसात भिजलेली, आणि तिची पोरं तिला मोठा वळसा घालून जातायत. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, अगं शनिवारी तिन्हीसांजेला लिंबू-मिरची कुणाच्या दारात ठेवतं का, उतारा वाटला असेल त्यांना. बरोबरच होतं. मी असते तर मी पण हात लावला नसता.

मग पुढच्या रविवारी सरळ गेले, तोंडाने बोलले, आणि ती सरळ घ्यायला लागली. तिथून माझं शिक्षण सुरू झालं. पालक दिला, तो दुपारपर्यंत मान टाकून बसला कारण फ्रीज नाही आणि ती संध्याकाळी रांधते. अख्खा कद्दू दिला, तो कापला की एका दिवसात संपवायला हवा. भरताची वांगी मी फार कौतुकाने दिली, आमच्या काळ्या मातीतली, डोक्याएवढी, तर दुसऱ्या दिवशी ती जरा लाजत म्हणाली, "दीदी, इसमें तेल बहुत लगता है." तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या चुलीकडे नीट पाहिलं. तीन विटा, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे जळण म्हणून, एक तवा, एक काळं झालेलं भगोनं, आणि खिळ्याला टांगलेली किराणावाल्याची तेलाची पुडी, दहा रुपयांची, गाठ मारलेली. त्या पुडीत चार दिवस काढायचे असतात. मी आमच्या घरी पोह्यांच्या फोडणीला तेवढं घालते!

आणि मजा बघा, जिचा गल्लीत सगळ्यांना कंटाळा ती गिलकीच त्या चुलीला बरोब्बर जमते. तेल थेंबभर, पाणी तिचं तिलाच सुटतं, आणि पाच मिनिटांत शिजते. तिने माझ्यासमोर केली, नुसतं मीठ आणि कुटलेली मिरची. वाटीत थोडी मला दिली. मी नारळ, दाण्याचं कूट, काय काय घालून करते ती भाजी, पण ही जास्त गिलकी लागत होती, कसं सांगू.

लसणाचं तर आणखीच. 2022 मध्ये भाव एवढा पडला होता की आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी लसूण नदीत ओतला, आम्ही पण अर्धा कट्टा सडवला. आणि 2024 च्या शेवटी तोच 400 रुपये किलो. आमच्या स्वयंपाकघरात वेणी टांगलेली होती, त्यातले लसणाचे चार-पाच गड्डे मी तिला सहज दिले, तिने ते दोन्ही हातांत घेतले. रोटी आणि लसूण-मिरचीची चटणी हे त्यांचं जेवण आहे, आमच्यासारखं ताटात डावीकडे नाही.

फेब्रुवारीत आलू निघाला. चांगला ज्योती जातीचा मंडीत गेला, लहान गुल्ला घरात, आणि अगदी बारकी छर्री जिला कुणी विचारत नाही ती कट्टाभर तशीच पडली. एव्हाना मी हुशार झाले होते, आधी विचारलं चालेल का. चालेल म्हणाली, छर्री सोलावी लागत नाही, राखेत भाजता येते, पोरं खिशात घेऊन फिरतात. होळीच्या आधी भगोरियाला, म्हणजे त्यांच्या आदिवासी जत्रेला, सगळे गावी जातात तेव्हा अर्धी छर्री बसच्या टपावर चढून अलीराजपूरला गेली. तेव्हाच बोलण्या-बोलण्यात कळलं की त्यांची स्वतःची पण जमीन आहे. तीन बिघे, डोंगराच्या उतारावर, पाणी नाही, पावसाचं एक पीक की संपलं. म्हणजे ते पण शेतकरीच, खरं तर आमच्यापेक्षा जास्त, मी तर वर्षातून दोनदा शेतावर जाते आणि फोटो काढून येते.

होळीनंतर परत आले. सकाळी गेट वाजलं, बघते तर ती, आणि हातात माझीच थैली, धुतलेली, आत तीन-चार किलो मक्याचं पीठ. घरचा मका, पांढरा, सासूने दळून पाठवलाय म्हणे, "आलूवाली दीदी के लिए". मी आपलं अरे कशाला, तुम्हाला ठेवा ना, असं सुरू केलं, आणि तिचा चेहरा बघून गप्प बसले आणि थैली घेतली.

आता प्रॉब्लेम असा की मक्याची रोटी मला येत नाही. ज्वारीची भाकरी थापते मी, चांगली थापते, पण हे पीठ हातातच फाटतं, तव्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचे तीन तुकडे. सासूबाई म्हणतात उकड काढ, ह्यांचं म्हणणं त्यात गव्हाचं पीठ मिसळ. काल चार रोट्या वाया गेल्या. उद्या परातच घेऊन जाते तिच्याकडे, पाणी किती गरम घ्यायचं ते तरी बघून येते.