नरक्याच्या दोनशे ग्रॅम डहाळ्या आणि सहा महिने

नरक्याच्या पाच झाडांच्या मिळून दोनशे ग्रॅम कोवळ्या डहाळ्या गोळा करण्याची परवानगी मिळायला मला सहा महिने लागले. डहाळ्या तोडायला एक सकाळ पुरली. सह्याद्रीतल्या औषधी वनस्पतींवर काम सुरू करणाऱ्या दुसऱ्या कोणाचा हंगाम असा वाया जाऊ नये, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

नरक्या हे पश्चिम घाटातले लहानसे झाड. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते, पण त्याच्या सालीत, मुळांत आणि बियांत कॅम्पटोथेसिन हे अत्यंत मोलाचे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नायट्रोजनयुक्त रसायन, असते. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडापासून ते प्रथम वेगळे केले. यांपैकी वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, आणि मी या विषयाकडे वळलो त्यामागे ते एक कारण आहे. आपल्या नरक्यात तेच द्रव्य असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ कॅम्पटोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि फार विषारीही ठरले. परंतु त्यापासून तयार केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे १९९६ पासून अनुक्रमे बीजांडकोशाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरली जात आहेत. या मागणीपायी नरक्याची झाडे चोरून तोडली जातात. माझे संशोधन झाडाच्या आत, त्याला अपाय न करता राहणाऱ्या बुरशीवर आहे. अशी एक बुरशी प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे वाढवली असता कॅम्पटोथेसिन तयार करते, असे जम्मूच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले. तो मार्ग भरवशाचा ठरला तर झाड तोडण्याची गरजच उरणार नाही, आणि म्हणून मला साल नको होती, फक्त डहाळ्या हव्या होत्या.

मार्गदर्शकांची सही, महाविद्यालयाचे पत्र आणि संशोधनाचा आराखडा ही सगळी जुळवाजुळव आठवड्यात झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी संबंधित वन कार्यालयात अर्ज दिला. पावसाळ्यात झाड फुलावर येते, त्याआधी तीन महिने हाताशी आहेत, असा माझा हिशेब होता.

जूनमध्ये पहिले त्रुटीपत्र आले. अर्जात मी ‘नोथापोडायटिस निमोनियाना’ हे सध्या मान्य असलेले शास्त्रीय नाव लिहिले होते आणि या नावाची प्रजाती कार्यालयाच्या यादीत नाही, असे त्यात म्हटले होते. मी स्वतः जाऊन यादी पाहिली. तिच्यात ‘मॅपिया फेटिडा’ असे होते. एका जुन्या आदेशाच्या प्रतीवर ‘नोथापोडायटिस फेटिडा’ होते आणि खालच्या सर्व कागदांवर केवळ ‘नरक्या’. ही चारही नावे एकाच झाडाची आहेत, हे मी त्याच टेबलासमोर उभे राहून सांगितले, तेव्हा लिपिकांनी ते लेखी द्यायला सांगितले. मी दुसऱ्या दिवशी दिले आणि आवक क्रमांकही घेतला. त्यानंतर जुलै पूर्ण गेला. मी दर सोमवारी चौकशी करीत होतो आणि दर सोमवारी फाईल वेगळ्या टेबलावर असे. ऑगस्टमध्ये दुसरे त्रुटीपत्र आले: नावे एकाच प्रजातीची असल्याबद्दल तज्ज्ञ संस्थेचे प्रमाणपत्र जोडावे. मी अशा संस्थेकडे गेलो, तर त्यांनी फुले किंवा फळे असलेला नमुना मागितला, कारण नुसत्या पानांवरून त्या प्रजातीची खात्री देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु नमुना आणायचा तर जंगलात जाण्याची परवानगी हवी, आणि परवानगी हवी तर प्रमाणपत्र हवे. या फेऱ्यात माझा संपूर्ण फुलोऱ्याचा काळ निघून गेला आणि त्याची चीड मला अजूनही आहे. नरक्याची तस्करी होत असताना कार्यालयाने सावध राहावे, हे मला मान्य आहे. अर्जात दोनशे ग्रॅम असे स्वच्छ लिहिलेले असताना ते कोणी वाचलेच नाही, आणि सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवल्या नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे.

हा पेच वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकाबाईंनी सोडवला. त्या म्हणाल्या, “नवा नमुना कशाला हवा? आपल्या हर्बेरियमात जुना आहे ना.” हर्बेरियम म्हणजे कागदावर चिकटवून ठेवलेल्या वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. तिथल्या नरक्याच्या शीटवर फुलांसह फांदी होती, लेबलावर जुने नाव होते आणि कडेला नंतर कोणीतरी नव्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यांनी शीटची छायाप्रत आणि नावांच्या समानार्थाचे सहीशिक्क्याचे पत्र दिले, आणि ते जोडल्यावर तीन आठवड्यांत मंजुरी निघाली.

म्हणून पहिल्याच अर्जात वनस्पतीची सर्व शास्त्रीय नावे, स्थानिक नावांसह, लिहा आणि असे पत्र आधीच जोडा. झाडाचा कोणता भाग हवा आणि किती ग्रॅम, हे विषयाच्या ओळीतच आले पाहिजे. वाहतुकीचा पास वेगळा लागतो का, हेही त्याच दिवशी विचारा. मला तो लागला आणि सुदैवाने लगेच मिळाला. डहाळ्यांतील बुरशी वेगळी करायची तर त्या बर्फाच्या पेटीतून एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचल्या पाहिजेत, त्यामुळे पासावरची तारीख नीट पाहून घ्या. आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली: पुढे पेटंटचा विचार असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागते, तेव्हा नमुना कोठून आणि कोणत्या परवानगीने आणला याचे कागद आजपासूनच जपून ठेवा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही जंगलात गेलो. फुले संपली होती, पण एका झाडावर काळपट जांभळी फळे शिल्लक होती, त्यामुळे आमचाही हर्बेरियम नमुना झाला. सोबतचे वनरक्षक प्रत्येक नरक्या लांबून ओळखत होते. त्यांनी आम्हाला एका तोडलेल्या झाडापाशी नेले. बुंध्याला चहूबाजूंनी हिरवे धुमारे फुटले होते. “हे पुन्हा येतं, पण त्याला सवड द्यायला पाहिजे,” असे ते म्हणाले, आणि त्या धुमाऱ्यांना हात न लावता आम्ही शेजारच्या झाडांकडे वळलो. खाली आल्यावर त्यांच्यासमोर वजन केले. ते १८० ग्रॅम भरले, मंजुरीपेक्षा २० ग्रॅम कमी, आणि त्यांनी तोच आकडा नोंदवहीत लिहून घेतला.