आप्पांची नवी होडी

नाशिककराला पाण्याची भीती वाटते ती पुराची. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर आमचा पावसाळा मोजला जातो. धरण मात्र आमच्या लेखी निवांत जागा. गंगापूरच्या बॅकवॉटरला जायचं, गरम भजी खायची, फोटो काढायचे आणि ट्रॅफिक लागायच्या आत घरी यायचं. त्याच पाण्यावर ज्याचं पोट आहे त्याच्याशी बोला, तो वेगळंच सांगतो.

आमच्या ओळखीचे आप्पा भोई समाजातले. रात्री जाळं टाकायचं, पहाटे काढायचं, रोहू-कटला-चिलापी मिळेल ते घेऊन काठावर यायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो म्हणून ते मला 'सर' म्हणतात आणि माझं काहीही ऐकत नाहीत. यंदा त्यांनी होडी बदलली. त्या निमित्तानं मला वर्गात कधी शिकवावं लागलं नव्हतं असं बरंच काही नीट समजून घ्यावं लागलं.

जुनी होडी पत्र्याची. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून वेल्डिंग करून घेतलेली, 12 फूट लांब, तळ सपाट, कड गुडघ्याच्याही खाली. सांध्यांना डांबर. बसायच्या फळीखाली तेलाचा पाच लिटरचा कॅन तिरका कापून, दोरीनं बांधून ठेवलेला, आत आलेलं पाणी उपसायला. आप्पा उभे राहून जाळं ओढतात तिथला पत्रा टाचांनी घासून घासून चकचकीत झालाय. ही होडी वाईट होती असं कुणी म्हणू नये. वीतभर पाण्यातही ती काठाला लागायची. पाणी शांत असताना तिच्यात उभं राहिलं, वाकलं, कडेवर हात टेकून जाळं ओढलं तरी ती हलायची नाही. सपाट तळाची होडी शांत पाण्यात भरवशाची असते, हे अगदी खरं.

भानगड आहे ती वाऱ्याची. पहाटे धरण आरशासारखं असतं. ऊन चढलं की वारा सुटतो. वळवाच्या दिवसांत तर दुपारी ढग दिसतात न दिसतात तोच सोसाटा येतो. पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या डोंगरांच्या बाजूनं वारा आला की त्याला धरणाच्या भिंतीपर्यंत मोकळं पाणी मिळतं. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतोय आणि त्याच्यापुढे किती लांब पाणी उघडं आहे. तीन-चार किलोमीटर उघडं पाणी आणि ताशी 35 किलोमीटरचा वारा धरला, तर हिशेबानं लाट निघते साधारण फूटभर उंचीची.

फूटभर! ऐकून हसू येतं. समुद्रावर पुरुषभर उंचीच्या लाटांतही होड्या जातातच की. पण उंचीपेक्षा अंतर बघायला हवं. समुद्रात लांबून आलेल्या लाटा आठ-आठ सेकंदांनी येत असतील, तर एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत 100 मीटर अंतर पडतं. होडी सावकाश वर जाते, सावकाश खाली येते. धरणातली आमची लाट दोन-दोन सेकंदांनी येते आणि दोन माथ्यांमध्ये जेमतेम 20 फूट. म्हणजे 12 फुटी होडीचं नाक एका लाटेवर चढलेलं असताना तिचं बूड मागच्या खळग्यात असतं. श्वास घ्यायला उसंत नाही. समुद्र मोठा असेल, पण आमचं धरण जास्त खडूस आहे, असं माझं मत झालंय. कोकणातल्या मित्रांनी रागवावं हवं तर.

अशा पाण्यात सपाट तळ प्रत्येक लाटेवर आपटतो. कड ठेंगणी असल्यानं लाटेचा शेंडा सरळ आत. आणि आत आलेलं पाणी नुसतं वजन वाढवून गप्प बसत नाही. हिशेब मांडून बघा. 12 फूट लांब, 4 फूट रुंद सपाट तळात चार इंच पाणी साठलं तर ते सुमारे 450 लिटर होतं, म्हणजे तितकेच किलो. होडी जरा डावीकडे कलली की हे सगळं वजन डावीकडे धावतं आणि तिला आणखी डावीकडे ओढतं. शांत पाण्यात न हलणारी होडी उलटते ती बहुतेक अशीच. पत्र्याची असेल तर भरली की सरळ तळाला.

आप्पांना यातलं काहीच नवीन नव्हतं. "सर, पाणी उठलं की नाक वाऱ्याकडं धरायचं, आडवी लाट अंगावर घ्यायची नाही," एवढ्या एका वाक्यात त्यांनी माझा तास संपवला.

नवी होडी फायबरची, 16 फुटी, कोकणातल्या एका कारखान्यातून कसारा घाट चढून टेम्पोनं आली. पुढून तळ टोकदार, लाट कापत जाणारा, आणि मागे जाईतो हळूहळू सपाट होत गेलेला. ही तडजोडच आहे. सगळाच तळ टोकदार केला तर होडी उभी असताना दोन्ही बाजूंना डुलत राहते, मग उभ्यानं जाळं ओढणं अवघड. कड चांगली मांडीपर्यंत. नाकाकडे आणि फळ्यांखाली बंद पोकळ्या, त्यांत फोम भरलेला, म्हणजे पाण्यानं भरली तरी तरंगत राहील. आप्पांनी तळावर हात फिरवला, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला, खाली वाकून मागची बाजू बघितली आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "उतरव भो, हळू."

आप्पांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, पहिला प्रश्न रंगाबद्दल होता. पांढरा लवकर मळतो.

पहिल्या वाऱ्याच्या दिवशी आप्पा मला मुद्दाम घेऊन गेले. उडालेलं पाणी तोंडावर आलं, पण आत फारसं आलं नाही. नाक लाटेत घुसायचं, पाणी दोन्हीकडे फाकायचं, आणि तो पत्र्याचा धाडधाड आवाज नव्हता. वल्हवायला मात्र ही जड. कड उंच म्हणून वारा तिलाच धरतो आणि बाजूला ढकलतो. परतताना आप्पांच्या तोंडून दोन-चार शिव्या निघाल्या, त्या होडीला होत्या की वाऱ्याला ते कळलं नाही.

खरी अडचण उन्हाळ्यात आली. मार्चनंतर पाणी मागे सरकत जातं, काठावर गाळ उघडा पडतो, लोक त्यात गाळपेर करतात. नवी होडी काठापासून बरीच अलीकडेच रुतते. मासळीचे क्रेट घेऊन पोटरीभर गाळातून चालत यायचं, तेही या वयात? मग जुनीला पुन्हा डांबर लागलं. मोठी होडी आत, खोल पाण्यात नांगरून ठेवायची आणि तिच्यापासून काठापर्यंतची ने-आण जुनीनं. भंगारवाला विचारायला आला होता, त्याला काकूंनी चहा पाजून परत पाठवलं.

सध्या आप्पांना जुनं इंजिन हवंय. मी म्हणतो, आधी लाइफ जॅकेट घ्या. ते म्हणतात, ते घालून जाळं ओढता येत नाही, बगलेत अडकतं. बाह्या मोकळ्या राहतील अशीही मिळतात, हे मी मोबाइलवर फोटो काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून फोटो बघितला, किंमत बघितली, आणि विषय इंजिनावर नेला. या बाबतीत मी मागे हटणार नाही. काकू माझ्या बाजूनं आहेत.