बुडापेस्टमधला दाढीवाला इटालियन: तुम्ही विचारलंत म्हणून

बुडापेस्टला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना मी कॉर्विन भागात फिरवते, तेव्हा तिथला दाढीवाला, आडदांड ब्राँझचा पुतळा पाहून ठरलेला प्रश्न येतो: "हा बड स्पेन्सर ना? पण तो तर इटालियन. त्याचा पुतळा इथे कशाला?"

बरोबर आहे. नेपल्सचा हा माणूस, मूळ नाव कार्लो पेदेर्सोली, 1952 आणि 1956च्या ऑलिंपिकमध्ये पोहला आणि पुढे टेरेन्स हिलबरोबर धमाल मारामारीच्या चित्रपटांनी गाजला. तो 2016मध्ये गेला, पुतळा 2017मध्ये बसला. तो वॉटरपोलोही खेळायचा आणि हंगेरीत वॉटरपोलो म्हणजे जीव की प्राण, असं कारण इथले काही लोक देतील. मला ते पटत नाही. माझं उत्तर आहे बुयतोर इश्तवान, त्याच्या चित्रपटांच्या हंगेरियन डबिंगमधला आवाज. (हंगेरीत आडनाव आधी येतं.)

हंगेरीच्या दोन-तीन पिढ्यांनी बड स्पेन्सर ऐकला तो बुयतोरच्या आवाजात. भारदस्त, जरा आळसावलेला, रागावला तरी घाई न करणारा आवाज. गंमत म्हणजे खुद्द इटलीतही बड स्पेन्सरला बहुतेक चित्रपटांत आवाज होता ग्लाउको ओनोरातो या नटाचा, कारण त्याचा स्वतःचा नेपल्सचा हेल निर्मात्यांना नको होता. म्हणजे "खरा" आवाज तिथेही उसनाच! मग हंगेरियन लोकांनी आपलाच खरा मानला तर बिघडलं काय? बाहुबलीचा हिंदी आवाज शरद केळकरांचा, हे माहीत असलेल्यांना यात नवल वाटू नये.

बुयतोरचा जन्म 1942चा, घराणं मोठं. आईचे वडील गुंडेल कारोय, ज्यांच्या नावाचं रेस्टॉरंट शहराच्या मोठ्या बागेशेजारी आहे आणि ज्यांच्या नावाने अक्रोडाचं सारण भरून वर चॉकलेट ओतलेली धिरडी मिळतात. धाकटा भाऊ फ्रेनरेइस कारोय रॉक संगीतातला. आणि आईच्या पहिल्या लग्नाचा मुलगा म्हणजे लातिनोवित्स झोल्तान. हे नाव हंगेरीत कान पकडून घेतात. विलक्षण ताकदीचा, भांडकुदळ, अस्वस्थ नट. 1976मध्ये, पंचेचाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, बालातोन सरोवराकाठी रेल्वेखाली गेला. अशा भावाच्या मागोमाग अभिनयात यायचं म्हणजे काय, ते बुयतोरलाच ठाऊक. त्याने अर्थशास्त्र शिकलं, व्हॉलीबॉल खेळला, शिडाच्या बोटी हाकल्या. रंगभूमीवर वेस्प्रेमच्या पेतॉफी नाट्यगृहाशी त्याचं नातं जुळलं. भावाची गादी मात्र त्याने कधी मागितली नाही, आणि मला हा त्याचा शहाणपणा वाटतो.

1981मध्ये तो नुसता आवाज न राहता तशाच भूमिकेत पडद्यावर आला. 'पोगान्य मादोन्ना' या चित्रपटात तिहान्यच्या संग्रहालयातून सोन्याची मूर्ती चोरीला जाते आणि तपासाला येतो ओत्वोश चोपी नावाचा बालातोनचा धिप्पाड पोलीस. दाढी, मुठी, भूक, वैताग, सगळं बड स्पेन्सरच्या वळणाचं! प्रेक्षकांना वेगळं काही सांगावं लागलं नाही, कारण आवाज ओळखीचाच होता. ज्याला इतकी वर्षं आवाज दिला, त्याचीच भूमिका त्याने आपल्या सरोवरावर, आपल्या पोशाखात उभी केली. पुढे आणखी चोपीपट निघाले. त्यातले 'हामिश ओ बाबा' (1991) यांसारखे नंतरचे त्याने स्वतःच दिग्दर्शित केले.

सोबतीला होते डॉक्टर कार्दोश, म्हणजे नट केर्न आंद्राश. हा केर्न हंगेरीत वुडी अॅलनचा आवाज! त्यामुळे दोघं बोटीत बसून वाद घालतात तेव्हा हंगेरियन कानांना बड स्पेन्सर आणि वुडी अॅलन भांडताहेत असं वाटतं. या गमतीचं श्रेय इथल्या डबिंगला द्यायला हवं. सरकारी पान्नोनिया स्टुडिओच्या काळात तिथे रंगभूमीवरचे चांगले नट माइकसमोर उभे राहायचे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

चित्रपट म्हणून चोपीपट फार थोर नाहीत, हे मान्य करते. गुन्ह्याचं रहस्य पातळ आहे आणि ठोशांचे आवाज कानठळ्या बसवणारे. बुयतोर 2009मध्ये गेला, बड स्पेन्सरच्या सात वर्षं आधी. पाहायचेच असतील तर पहिल्यापासून सुरुवात करा, आणि केर्न बोलत असताना उठून जाऊ नका.